तीन वेळा, मोठ्यानं

सह्या मोजू नकोस, असं तोर्गुन तिला म्हणाली होती. ऑगस्टमधली गोष्ट, शाळा उघडायच्या आदल्या दिवशीची. इंगविल खुर्चीवर चढून वर्गाच्या मागच्या भिंतीवर आइसक्रीमच्या काड्यांचा एक मांडव चिकटवत होती, किनाऱ्यावर कॉड मासे वाळत घालतात तसला. शेजारच्या वर्गाची तोर्गुन, चौतीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवून आता निवृत्तीला टेकलेली, कॉफीचा मग घेऊन दारात उभी होती. दुसरीच्या बावीस मुलांनी सोमवार ते गुरुवार रोज घरी एक पान तीन वेळा मोठ्यानं वाचायचं, मोठ्या माणसाला ऐकवायचं, त्या माणसानं तक्त्यात सही करायची; आठवड्याच्या चारही सह्या आल्या की शुक्रवारी त्या मुलाच्या नावाचा कागदी मासा मांडवावर टांगायचा, अशी इंगविलची योजना होती. "सहीवरून त्या घरात पेन आहे एवढंच कळतं," तोर्गुन म्हणाली. "पोरांची तोंडं बघत जा." इंगविल नुसती हसली. तोंडात दोरा धरलेला होता. तिला वाटलं, चौतीस वर्षांनी माणूस असाच बोलत असेल. नव्या माणसाच्या हातात काही चमकताना दिसलं की ते हलकेच खाली ठेवायला लावत असेल. तिनं दोऱ्याला गाठ मारली आणि बावीस मासे कापायला घेतले.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, साडेचार वाजता, ती पाळणाघरातून लेकीला, तिरिलला, घेऊन पुलाअलीकडच्या थांब्यावर बसमध्ये चढली. तिरिल चौदा महिन्यांची, बाबागाडीत लोकरीच्या पिशवीत गळ्यापर्यंत कोंबलेली. बस सुटायला चार मिनिटं होती आणि चालकाच्या जागी कारीना होती, वर्गातल्या सेल्माची आई. इंगविलनं बाबागाडीचा ब्रेक लावला आणि पुढं गेली. पालक बाहेर कुठं भेटले तर चांगलंच काहीतरी सांगायचं असा तिचा नियम होता. ती म्हणाली, तुझ्या सह्या बघून मला फार बरं वाटतं, ऑगस्टपासून एकही चुकलेली नाही, तेही अशा पाळ्या सांभाळून. कारीनानं विचारलं, कसल्या सह्या? वाचनाच्या. कारीना म्हणाली की तिची गाडी दुपारी चार ते रात्री अकरा असते, नवरा सातला घरी येतो, तोवर सेल्मा आपणहूनच तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या योर्दिसकडं जाऊन बसते. वाचनबिचन शाळेतच उरकत असेल असं ती दोघं धरून चालली होती. "योर्दिसनं केल्या असतील," ती म्हणाली आणि दारं मिटायच्या बटणावरचं तिचं बोट तसंच थांबलं. "पण योर्दिसला तर दिसत नाही."

बस पुलावर चढली. खाली पाणी होतं, पण जानेवारीच्या काळोखात ते पाणी आहे हे फक्त माहीत असायचं, दिसायचं नाही. इंगविल बाबागाडीच्या दांडीला धरून उभी राहिली आणि सेल्मा वाचतानाची कशी दिसते ते आठवू लागली. सेल्मा डबा उघडताना आठवली. ब्राऊन चीजचा तुकडा पावावरून आधी सोलून खाणारी. सेल्मा बुटांच्या रांगेत आठवली. सेल्माचा आवाज आठवला, जाडसर, सर्दी झाल्यासारखा. वाचतानाची सेल्मा मात्र येईना. सगळा वर्ग एका सुरात वाचायचा तेव्हा तिचे ओठ हलायचे, हे तिला आठवलं. आणि मग हेही आठवलं की ते ओठ इतरांच्या अर्धा क्षण मागं हलायचे. हे तिनं पाहिलं होतं. एकदा नाही, पन्नासदा पाहिलं होतं, आणि दर वेळी, या मुलीला सर्दी आहे, असं काहीतरी मनाशी म्हणून नजर पुढं नेली होती, कारण सेल्माच्या नावाचा मासा मांडवावर सर्वांत आधी चढायचा. मोजणं हे इंगविलला मायेचंच एक रूप वाटत आलं होतं. घरी फ्रिजवर एक कागद होता, त्यावर तिरिलचे शब्द होते, तारखेसकट. तीन झाले होते, आणि आरोग्य केंद्रातल्या बाईंच्या माहितीपत्रात या वयाला किती असावेत ते छापलेलं होतं. रोज सकाळी फ्रिजमधून दूध काढताना ती त्या कागदाकडं बघायची. आता बसमध्ये तिरिल खिडकीतल्या दिव्यांकडं बघून काहीतरी लांबलचक, चढउतारांचं बोलत होती. त्यात मोजण्यासारखा शब्द एकही नव्हता.

तिची स्वतःची आई सेन्या बेटावर मासळीच्या कारखान्यात होती. तिथल्या शाळेतही असाच तक्ता असायचा. आई ओट्याशी पाठमोरी उभी, इंगविल मागं टेबलाशी बसून वाचायची. आईच्या पाठीला वाचून दाखवायची. तीनदा वाचून झालं की आई हात पुसून यायची आणि सही करायची, कागदाला खवले चिकटायचे. आई ऐकते की नाही हे इंगविलनं कधी विचारलं नाही. एकदा मात्र तिनं मुद्दाम मधलीच एक ओळ गाळली, दुसऱ्यांदा दोन गाळल्या, तिसऱ्यांदा अर्धं पान. आईनं सही केली. त्या दिवशी काहीतरी जिंकल्यासारखं वाटलं होतं आणि झोपताना रडू आलं होतं. शिक्षिका झाल्यावर तिनं तोच तक्ता पुन्हा छापला. फरक एवढाच की आता ती त्याच्या दुसऱ्या टोकाला बसली होती आणि प्रत्येक सहीमागं एक कान आहे असं समजून चालली होती. असं समजायची गरज तिला का पडली असेल, हा विचार तिच्या मनात आला तेव्हा बस तिच्या थांब्यावर पोचली होती आणि मागचा माणूस, उतरणार आहेस ना, असं विचारत होता.

घरी तिचा नवरा योस्तेइन माशांचे वडे तळत होता. तिनं कोटसुद्धा न काढता दप्तरातले तक्ते काढून सेल्माचे पाच महिन्यांचे एकाखाली एक मांडले. सही एकच होती. सगळीकडं चौकटीच्या डाव्या कोपऱ्यातून निघायची, वर चढत जायची आणि शेजारच्या चौकटीत घुसायची. घाईत असलेल्या आईची सही, असं इंगविलनं ठरवून टाकलं होतं. प्रत्येक सहीच्या सुरुवातीला एक फिकट बोटाचा ठसा होता, जामचा, रंगाचा, कधी नुसत्या घामाचा. सेल्मा त्या जागी बोट ठेवत असणार आणि ती बाई त्या बोटापासून लिहीत असणार. योस्तेइननं खांद्यावरून पाहत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मग आता काय, त्या आजीबाईंच्या नावाचा मासा लावणार? ती हसली नाही, तेव्हा त्यानं मुकाट्यानं तिच्यापुढं बशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी मुलं बाहेर बर्फात खेळायला गेल्यावर तिनं सेल्माला आत ठेवून घेतलं. समोर एक नवं पुस्तक ठेवलं. चित्रात एक उंदीर हातात कंदील घेऊन जिन्यावर उभा होता. सेल्मानं बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं आणि सुरू झाली. हा उंदीर रात्रपाळीला होता, त्यानं घरी निरोप ठेवला होता, जिन्यात कोणीतरी मोज्यांची एकच जोडी विसरून गेलं होतं. बोट ओळीखालून बरोबर वेगानं सरकत होतं. पान संपत आलं की आवाज खाली येत होता, जसा वाचणाऱ्याचा येतो. पानावर चार ओळी होत्या. उंदीर दार शोधतो, दार सापडतं, तो घरी जातो, एवढंच. इंगविल ऐकत राहिली आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला ऐकावंसं वाटतंय. मग तिनं तळहात चित्रावर ठेवला. सेल्माचा आवाज तुटला. ती वर बघेना. बोट ओळीखालीच होतं, पण आता ते नुसतं बोट होतं. "हात काढ ना, इंगविल," ती हळूच म्हणाली. "गोष्ट दिसत नाहीये."

त्या दिवसभर इंगविलला आधी लाज वाटली, मग भीती, आणि शेवटी, गणिताच्या तासाला, फळ्याकडं तोंड असताना, एक प्रकारचा आदर वाटला. सात वर्षांच्या मुलीनं वाचण्याखेरीज वाचनातलं सगळं शिकून घेतलं होतं. पण तिसरीच्या पुस्तकांत चित्रं नसतात. जूनच्या आत सेल्माला वाचता आलं पाहिजे, नाहीतर ऑगस्टमध्ये ती ज्या पानांसमोर बसेल त्यांत तिला काहीच दिसणार नव्हतं. आणि ते करायचं असेल तर इथं करायचं, वर्गात, आपल्या डोळ्यांसमोर. घरी पाठवलेलं काम म्हणजे आपणच न केलेलं काम, असं तिला आता सारखं वाटू लागलं. ज्या घरात ऐकणारं माणूस आहे तिथं ते आपोआप होतं आणि जिथं नाही तिथं फक्त सही होते. शुक्रवारी तिनं मांडव भिंतीवरून उतरवला. तक्ते बंद. रोज सकाळी पहिल्या घंटेआधी वीस मिनिटं सेल्मानं तिच्यापाशी बसायचं, असं कारीनाशी फोनवर ठरवून टाकलं. एका वडिलांचा संदेश आला, की सह्या बंद केल्या तर मुलाचं वाचन चाललंय की नाही हे आम्हाला घरी कळणार कसं? इंगविलनं "त्यालाच विचारा" असं लिहिलं, पुसलं आणि तेच चार सभ्य ओळींत लिहून पाठवलं. तोर्गुनला सांगितलं तेव्हा तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग आपल्या कपाटातून लाकडी अक्षरांचा एक डबा आणून दिला. काही अक्षरं पोरांनी चावलेली आहेत, तेवढं चालवून घे, म्हणाली.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. सकाळी सव्वाआठला दोघी खिडकीशी बसायच्या. सेल्मा कंटाळली तरी आपण कंटाळायचं नाही, असं इंगविलनं ठरवलं होतं. रात्री तिरिलनं झोपू दिलेलं नसलं तरी ठरवलं होतं. अक्षरं जोडायला जमू लागली. एप्रिलमध्ये सेल्मानं चार ओळींचं एक पान वाचलं, स्वतःच चित्रावर हात ठेवून, नऊ मिनिटांत. एकेक शब्द दगडासारखा उचलायचा, शेजारी ठेवायचा, पुन्हा वाकायचं. पान संपल्यावर इंगविलनं विचारलं, काय झालं गं या गोष्टीत? सेल्मानं तिच्याकडं असं पाहिलं की जणू काही व्हायचंही होतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. वाचता येत नव्हतं तेव्हा या मुलीला प्रत्येक पानात काय झालं ते ठाऊक असायचं. आता वाचता येत होतं आणि काहीच होत नव्हतं. आठवडा गेला, दोन गेले, दगड तेवढेच जड राहिले. मग एका सकाळी इंगविलनं सहज विचारलं, की योर्दिसला दाखवलंस का आता तुला वाचता येतं ते. सेल्मा म्हणाली, मी जातच नाही तिच्याकडं. आता गृहपाठ नाही ना. मग बाबा येईपर्यंत कुठं असतेस? वरच. टीव्ही बघते. जात का नाहीस, असं विचारल्यावर तिनं मोठ्या माणसासारखे खांदे उडवले. काही काम नसताना घंटा कशी वाजवणार?

इंगविल स्वतः सात वर्षं ज्या इमारतीत राहत होती तिथल्या एकाही दाराची घंटा तिनं कामाशिवाय वाजवली नव्हती. पार्सल, गळणारा नळ, बर्फ उपसायची पाळी. लोकांना त्रास द्यायचा नसतो, हे इथल्या मुलांना अक्षरांच्या आधी येतं. तक्ता हे सेल्माचं काम होतं. त्या कागदाच्या जोरावर ती पाच महिने एका दाराशी जाऊन उभी राहत होती, आणि तो कागद इंगविलनं काढून घेतला होता, अगदी योग्य कारणासाठी, दगडासारख्या ठाम मनानं. ती नुसत्या सह्या उतरवल्या असं समजत होती. तिनं ऐकणाराच उतरवला होता. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर ती पूल उतरून कारीनाच्या इमारतीकडं गेली. हातात जुने तक्ते घेतले होते, परत करायला म्हणून. तिलाही काम लागत होतंच.

योर्दिस एक्क्याण्णव वर्षांची होती, उंच, आणि बोलताना समोरच्या माणसाच्या कानाकडं बघायची, कारण तिला मधलं दिसत नव्हतं, कडेचं थोडं दिसायचं. टेबलावर दोन कप मांडलेले होते. इंगविलनं ओळख सांगितली, तक्ते पुढं केले आणि कशीबशी म्हणाली की सेल्मा तेव्हा तुम्हाला वाचून दाखवत नव्हती, तिला वाचता येत नव्हतं, हे मी आधीच येऊन तुम्हाला सांगायला हवं होतं.

"ते पहिल्याच दिवशी कळलं मला," योर्दिस म्हणाली. "तीन वेळा वाचलं तिनं. तिन्ही वेळा गोष्ट निराळी."

"मग तुम्ही सह्या का केल्यात?"

"मी तिला म्हटलं, कागदावर काय लिहिलंय ते सांग. ती म्हणाली, मोठ्या माणसाला तीन वेळा मोठ्यानं वाचून दाखवणे. मोठी मी आहे. मोठ्यानंच बोलायची, तसं सांगावं लागलं नाही. तीनदा ऐकलं." तिनं थर्मासचं झाकण चाचपून उघडलं. "आणि कळवलं असतं तर तू काय केलं असतंस, पोरी? बंदच केलं असतंस ना."

योर्दिसनं दोन्ही कप भरले, एक बोट आतल्या कडेला धरून, कॉफी बोटाला लागेपर्यंत. मग तिनं विचारलं, की सेल्मा सांगायची त्या बसच्या गोष्टीचं पुढं काय झालं, ते ठाऊक आहे का. जानेवारीत मधेच राहिली. इंगविलला ठाऊक नव्हतं. विचारून सांगते, असं ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सेल्मासमोर पुस्तक ठेवलंच नाही. म्हणाली, योर्दिसकडं जाऊन तिला पुस्तक वाचून दाखवशील? सेल्मा नको म्हणाली. हट्टानं नाही, विचार करून. पुस्तकातल्या गोष्टी योर्दिसला आवडणार नाहीत, म्हणाली. त्यात उंदीर नुसता घरी जातो. इंगविलनं मनातल्या मनात ते मान्य केलं आणि कागद-पेन्सिल काढली. बसची गोष्ट सांग. सेल्मा सांगत गेली आणि इंगविल लिहीत गेली, तिचेच शब्द, एकही न बदलता, जिथं हात दुखला तिथं थांबवून. शेवटची बस पुलावरून न जाता पुलाखालून जायची. तळाशी थांबा होता. कॉड चढायचे, तिकीट काढायचे, ओले असल्यामुळं उभेच राहायचे. चालक बाईंच्या लक्षात यायचं की एक मासा रोज चढतो आणि कुठंच उतरत नाही. त्याला नुसतं बसमध्ये असायला आवडायचं. पाच सकाळी लागल्या. इंगविलनं ती मोठ्या अक्षरांत टाइप केली, दोन दोन ओळी एका पानावर, चित्रांशिवाय. सेल्मानं पहिलं पान हातात घेतलं आणि तिच्या कपाळावरची नेहमीची आठी आली. पहिला दगड उचलला, दुसरा उचलला, आणि तिसऱ्याला तिला कळलं की हा आपण आणून ठेवलेला आहे. ती थांबली. इंगविलकडं तिनं बघितलं नाही. ओळ पुरी केली, आणि शेवटच्या शब्दावर आवाज खाली आला.

मेमधल्या एका गुरुवारी, पाच वाजता, त्या दोघी योर्दिसच्या दाराशी उभ्या होत्या. तिरिल इंगविलच्या कडेवर होती. घंटा कोणी वाजवायची यावर थोडा वेळ गेला. आत सेल्मा आपल्या ठरलेल्या खुर्चीवर बसली आणि तिनं वाचलं. अडखळली, मागं गेली, पुन्हा आली. योर्दिस कान पुढं करून बसली होती, इंगविलनं आयुष्यात कोणाला असं ऐकताना पाहिलं नव्हतं, आणि तिरिलसुद्धा तोंडात बोट घालून गप्प होती. बारा पानांना अर्धा तास लागला. "पुन्हा," योर्दिस म्हणाली. दुसऱ्यांदा वीस मिनिटं. "अजून एकदा." तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर योर्दिसनं टेबलावर हात पसरला, कागद शोधला, त्यावरून बोटं फिरवली, जणू त्यात काही लागतं का ते बघावं. "तिन्ही वेळा तीच आली," ती म्हणाली. सेल्मानं मान डोलावली, मग योर्दिसला ते दिसलं नसेल हे आठवून मोठ्यानं म्हणाली, हो.

आता जून संपत आला आहे. सेल्मा दर सोमवारी आणि गुरुवारी खाली जाते. तिसरीच्या पुस्तकातलं पहिलं प्रकरण, चित्र नसलेलं, तिनं योर्दिसला वाचून दाखवलं आणि मधेच थांबून, हे चुकलंय, खरं तर असं व्हायला हवं होतं, असंही सांगितलं. तक्ता इंगविलनं पुन्हा छापला नाही. ऑगस्टमध्ये वर्गात एक रिकामी खुर्ची ठेवायची आणि रोज एका मुलानं कोणालातरी बाहेरून बोलावून त्यात बसवायचं, असं काहीतरी तिच्या मनात आहे. मुख्याध्यापकांनी अजून हो म्हटलेलं नाही, पण ती म्हणायला लावणार आहे. फ्रिजवरचा कागद तिनं काढला. मग दोन दिवसांनी परत लावला, पण मागच्या बाजूनं, कोरा. अडचण फक्त जुलैची आहे. कारीना, नवरा आणि सेल्मा महिनाभर आल्ताला आजीआजोबांकडं जातात. इंगविल, योस्तेइन आणि तिरिल त्याच्या माणसांकडं दक्षिणेला. सेल्मानं दुसरं प्रकरण मुद्दाम ऑगस्टसाठी राखून ठेवलं आहे आणि योर्दिसला तसं वचन दिलं आहे. सकाळी नर्स येते, डोळ्यांत थेंब घालते, पाच मिनिटांत जाते. नंतर दिवसभर कोणी नाही, आणि जुलैत इथं सूर्य मावळतच नाही, तेव्हा पाच वाजले हे योर्दिसला घड्याळाच्या ठोक्यांवरूनच कळतं. इंगविलनं ओळखीच्या चौघांना विचारलं. चौघंही गावी चालली आहेत. म्हणून ती तुम्हाला विचारते आहे. तुम्ही त्या दिवसांत या शहरात असाल तर पूल उतरल्यावर डावीकडची दुसरी पिवळी इमारत, तळमजला, उजवं दार. एकदा जाऊन बघून या, योर्दिस बरी आहे ना. तिला दाराशी यायला वेळ लागतो. मधे दोन खोल्या आहेत आणि ती भिंतीला धरून येते. आतून काही ऐकू आलं नाही तरी निघून येऊ नका. थांबा.